धुक्यापलीकडचा डोळा

सकाळी धुक्यानं समोरच्या इमारतीची गच्ची पार गिळून टाकली होती. बाई आपल्या गच्चीवर लेझरच्या पेटीशी उकिडव्या बसून काचेवरचं दव टिपत होत्या. बावीस वर्षं हेच संशोधन. वायर नाही, रेडिओ नाही, नुसत्या उजेडावरून माहिती धाडायची, तीही डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडावरून. रेडिओवाले सहकारी चिडवायचे, "धुकं पडलं की तुमचं दुकान बंद!" म्हणून तर बाई हट्टानं धुक्यातच प्रयोग लावायच्या.

समोरच्या गच्चीवर उजेड झेलणारी पेटी होती आणि तिच्यापाशी तंत्रज्ञ काका. बाई शिकाऊ होत्या तेव्हापासूनचे सोबती. निवृत्तीला आठ महिने उरलेले.

तिकडे पोचलेल्या उजेडाचा पडद्यावरचा आकडा शून्यावरून हलेना. बाईंनी लेझरची ताकद वाढवली. शून्यच. आणखी वाढवली, पार शेवटाला नेली.

काकांचा फोन आला. "माझी पेटीच वाकडी झालीय वाटतं गं. काचेपुढं दुर्बीण धरून नेम बघू का?"

"बघा की."

फोन ठेवला आणि धुक्याला भोक पडलं. आकडा टुणकन उडाला अन् लगेच शून्यावर आपटला. म्हणजे उजेड पोचला, आणि मध्ये काहीतरी आलं.

काकांचं डोकं.

आधी लेझर बंद, मग दुर्बिणीला डोळा, हा नियम बाईंनीच लिहून भिंतीवर डकवला होता. त्यांनी लेझरची चावी फिरवून उपसली. पण न दिसणाऱ्या उजेडाला पापणी मिटत नाही. दुखत नाही, खुपत नाही, आणि डोळ्याच्या आतला पडदा जळून जातो.

फोन लावला. नुसता वाजत राहिला.

बाई धावत सुटल्या. चार मजले खाली, रस्ता, पाच मजले वर. काकूंना मुळात कमी दिसायचं. सुई ओवून द्यायची तर काकांनीच. आता त्या घरात सुई कोण ओवणार? दर पायरीला तेच मनात येई.

काका पेटीपाशी पाठमोरे उभे होते.

"किती बोटं?" बाई किंचाळल्या.

काका वळले. "तीन. पण धड धर की, लटलट कापताहेत."

"फोन का नाही उचलला?"

"कार्ड धरू का फोन धरू?" त्यांच्या हातात पत्त्याएवढं कार्ड होतं, न दिसणारा उजेड पडला की त्यावर हिरवा ठिपका उमटतो. "डोळ्याआधी मी कार्ड धरतो. आज ठिपका असा पेटला की म्हटलं, बाई जीव घेतात आज. तसंच कार्ड पेटीपुढं आडवं धरून ठेवलं."

"म्हणजे इतकी वर्षं माझ्यावर विश्वास नव्हता?"

"विश्वास तुझ्यावर होता गं. डोळे माझे."

बाई कठड्याला टेकून बसल्या. हसू येईना, रडूही येईना. मूठ सोडवून उघडावी लागली. चावीचे दाते तळव्यात रुतले होते. ती त्यांनी काकांच्या खिशात टाकली. "नेम लागेस्तोवर तुमच्याकडेच राहू दे."

काकांनी मऊ फडकं पुढं केलं. त्यांच्याही पेटीच्या काचेवर दव साचलं होतं. बाई उठल्या आणि कडेकडेनं टिपायला लागल्या, लेझर बंद होता तरी तोंड बाजूला वळवून.