भर समुद्रात दिलेली ओ

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून भांडी घासायला जाते. असलं काही मी कधी मानलं नाही. तरी हे एक घडलं... कोणाला सांगायला धीर होत नाही, म्हणून लिहून ठेवतेय.

१९९३चा ऑगस्ट. मी इंग्लंडात लीड्सला एकटीच राहत होते. हे मालवाहू बोटीवर स्वयंपाकी – वर्षातले नऊ महिने बाहेर. तेव्हा बोट दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याला होती. फोनवर सगळं देवमाशांचंच. "अगं, किती जवळ येतात! तू बघायला हवी होतीस." मी नुसतं हूं म्हणायची. मला देवमासा नको होता, माणूस घरी हवा होता. पण ते फोनवर बोलायला लाज वाटायची.

एका शनिवारी शेजारच्या कुसुमताईंनी मला ओढूनच समुद्रावर नेलं. सील दाखवणारी छोटी बोट होती. खडकावर सील पसरलेले. "बघ, जेवून पडलेत, आमच्या ह्यांच्यासारखे!" कुसुमताई म्हणाल्या.

दुपारचे दोन वाजले होते. एकदम मागून ह्यांचा आवाज आला – "अगं, इकडे बघ!"

मी डोक्यावर पदर घेतला आणि "ओ" म्हणून वळले. मागे कोणी नव्हतं. पाण्यातून एक काळं, रुंद शेपूट वर आलं आणि हळूच आत गेलं.

"कोणाला गं ओ दिलीस?" कुसुमताईंचा चेहरा उतरला. त्यांना कसलाच आवाज आला नव्हता. बोटवाल्यानेही शेपूट पाहिलं नव्हतं.

आमच्या कोकणात माणूस दिसत नसेल तर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत; ती मेलेल्याची असू शकते म्हणतात. लहानपणापासून ठाऊक असून मी दिली. ह्यांचं काही बरंवाईट झालं असलं तर... दोन दिवस फोनजवळून हलले नाही.

तिसऱ्या दिवशी डर्बनहून फोन आला.

"शनिवारी सगळे मला हसले," हे म्हणाले. "तीनला डेकवर होतो. एवढं मोठं शेपूट वर आलं, मी ओरडलोच – अगं, इकडे बघ!"

तिथले तीन म्हणजे आमचे दोन.

"आणि... हसू नकोस हं. तू ओ दिलीस. मी वळून पाहिलं."

पुढे दोन वर्षांनी हे कायमचे घरी आले. दिवसभर बाजूच्या खोलीत असतात. चहा झाला का, चष्मा कुठाय – हाका चालूच असतात. त्या दिवशी काय झालं, ते दोघांनाही कळलेलं नाही. पण काही सुंदर दिसलं म्हणून त्यांनी मला हाक मारली, असं त्यानंतर एकदाही झालं नाही.