निशाणाच्या काठीवरची अँटेना

आमच्या ऑफिसात दोन प्रकारची कामं असतात. काहीजण गावोगावी जाऊन सोलर पॅनेल आणि बॅटऱ्या बसवतात. मी सोलापुरात बसून त्या बॅटऱ्या स्क्रीनवर बघते. हे काम मी मागून घेतलं होतं, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास एका बोटीची माहिती यायची बंद झाली. उजनी धरणाच्या फुगवट्यावर पक्षी बघायला येणाऱ्यांसाठी करमाळ्याच्या बाजूला एक विजेवर चालणारी बोट आहे. तिच्यातल्या पेटीतून बॅटरीचे आकडे मोबाईलच्या नेटवर्कवरून आमच्याकडे आणि पुण्यात राहणाऱ्या मालकांकडे जातात. आठ दिवस काहीच आलं नाही. बसवणारे सगळे दुसरीकडे अडकले होते, म्हणून मला पाठवलं.

निघायच्या आधी मालकांचा फोन आला. बोट चालवणारे काका रात्री मासे धरायला बोट नेतात आणि ते कळू नये म्हणून वायर काढतात, असा त्यांना संशय होता. "वायर मुद्दाम काढली होती का, एवढंच मला सांगा," ते म्हणाले. "काढली असेल तर मी दुसरा माणूस बघतो."

टेंभुर्णीच्या स्टँडवर काका मोटारसायकल घेऊन आले होते. मी हत्यारांची बॅग दोघांच्या मध्ये ठेवली. वाटेत त्यांनी पाऊस, ऊस आणि माझं गाव यांबद्दल विचारलं. मी एकेका शब्दात उत्तरं दिली. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठीत चुकले तर हसतील ही भीती अजून आहे. ते हसले नाहीत. पाणी दिसायला लागल्यावर म्हणाले, "साहेबांनी तुमाला माझ्यावर ध्यान ठिवायला पाठवलंय की." मी नाही म्हटलं. ते पूर्ण खरं नव्हतं.

पेटीचा हिरवा दिवा चालू होता. लॅपटॉप केबलने जोडल्यावर आतले सगळे आकडे नीट दिसले. सिम काढून माझ्या मोबाईलमध्ये घातलं, तर नेटवर्क आलं. परत पेटीत घातलं, तर गेलं. म्हणजे उरली अँटेना. ती करंगळीएवढी असते, बुडाशी लोहचुंबक. आमच्या नकाशात ती पत्र्याच्या छतावर मधोमध होती. छतावर फक्त तिचा गोल डाग होता.

मी वायरच्या मागे मागे गेले. ती बाकाखाली गेली होती, आणि पाण्यापासून वीतभर अंतरावर अँटेना एका लोखंडी पट्टीला चिकटवून ठेवली होती.

"ही इथे कुणी ठेवली?"

"मीच," काका सहज म्हणाले.

 मग त्यांनीच पेटीच्या वर बोट दाखवलं. तिथे करमाळ्याच्या कमळाभवानीचा छोटा पितळी मुखवटा बसवला होता, हळदीकुंकू अजून ताजं. खंडेनवमीला त्यांनी मोटर, बॅटरी, वल्हं, सगळ्यांची पूजा केली होती आणि त्याच दिवशी देवी बसवली होती. बसवल्यावर लक्षात आलं, अँटेना बरोबर देवीच्या डोक्यावर येते.

"देवीच्या डोक्यावर काय ठिवत्यात व्हय, मॅडम? तुमचं मशीन तिच्यापेक्षा मोठं हाय का?"

अँटेना परत छतावर ठेवणं दोन मिनिटांचं काम होतं. पण माझी पाठ फिरली की ती परत बाकाखाली जाणार, आणि पुढच्या खेपेला मालक काही विचारणारही नाहीत, सरळ दुसरा माणूस बघतील. शिवाय छतावरची ती जागा मीच ठरवली होती, सोलापुरात बसून, बोटीचा फोटो बघून. त्या फोटोत देवी नव्हती.

बोटीच्या टोकाला बांबूवर भगवं निशाण होतं. ते छताहून हातभर उंच होतं. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले, वाक्य मनात दोनदा जुळवलं.

"काका, निशाण देवीपेक्षा उंच चालतं?"

"निशाण उंचच असतंय की."

"मग ही त्याच्या काठीला बांधली तर?"

त्यांनी काठी हलवून बघितली. मग बिस्किटांच्या जुन्या डब्याचं झाकण आणून बांबूला ठोकलं, म्हणजे लोहचुंबकाला चिकटायला जागा झाली. वायर जेमतेम पुरली. "निशाणाच्या खाली ऱ्हाऊ द्या," एवढं ते म्हणाले. मी चार बोटं खाली बांधली.

नेटवर्क आलं. नेटवर्क नसतं तेव्हा पेटी आकडे स्वतःजवळ जपून ठेवते, त्यामुळे आठ दिवसांचे आकडे एकदम आले आणि आलेख भरला. सकाळी वापर, संध्याकाळी वापर, रात्री काही नाही. खंडेनवमीला दिवसभर रेघ सपाट, कारण त्या दिवशी हत्यारं चालवत नाहीत.

मालकांना मी बोटीतूनच फोन लावला. काका बांबूची गाठ परत परत तपासत होते. आलेख बघून मालक म्हणाले, "पण वायर काढली होती ना?"

"हो," मी म्हणाले. "छतावरून अँटेना मुद्दाम काढली होती. देवीच्या डोक्यावर येत होती म्हणून. जागा मी ठरवली होती आणि मी त्यांना विचारलं नव्हतं."

इतकं मी फोनवर सहसा बोलत नाही.  मालक म्हणाले, "बरं. काकांना उद्या सकाळी सहाला पाहुणे येतायत म्हणून सांगा."

मी सांगितलं. काकांनी मान डोलावली आणि गाठीवरचा हात काढला.

रिपोर्टमध्ये बिघाडाचं कारण निवडावं लागतं. ग्राहकाने केलेली छेडछाड आणि बसवण्यातली चूक, असे दोन पर्याय लागू होते. मी दुसरा निवडला. वरिष्ठांनी 'कुणाची चूक?' असं विचारलं, तेव्हा मी 'माझी' म्हणाले.

यंदाच्या खंडेनवमीला त्या बोटीची रेघ पुन्हा दिवसभर सपाट होती. सिग्नल पूर्ण होता. मालकांचा फोन आला नाही.