कापलेल्या केळीची पानं

उखर्डूनाना फैजपूरचे आचारी. हजाराच्या पंगतीला वरण-बट्टी करताना त्यांची नजर कधी चुलीवरून हलली नव्हती. १९९६च्या कृषी प्रदर्शनात मात्र ते सारखे रस्त्यावर जाऊन येत होते.

आदल्या वर्षी प्रदर्शन उठल्यावर मैदानभर पडलेल्या थर्माकोलच्या उष्ट्या ताटल्या खाऊन त्यांची गाय पोट फुगून मेली होती. म्हणून यंदा नानांनी समितीला बजावलं होतं, वाढीन तर केळीच्या पानावर, आणि पानं मीच आणीन.

आता दुपारचा एक वाजला होता. हजार शेतकरी मांडी घालून बसले होते आणि पानांच्या बैलगाडीचा पत्ता नव्हता.

समितीचे चिटणीस लीलाधरभाऊ घामाघूम झाले. "नाना, ताटल्या आणून ठेवल्यात मी. काढू का?"

"काढा. वाढणारा दुसरा पाहा."

"मग या शेजारच्या बागेतली पानं तोडतो." भाऊंनी कोयता उचललासुद्धा.

नानांनी त्यांचं मनगट धरलं. "घड लागलेल्या केळीले कोयता लावता का, भाऊ? हे शेतकरी जेवतीन का त्या पानावर?"

पंगतीने ते ऐकलं. पानं ओरबाडली की घड पोसत नाही, हे तिथे पोरासोरांनाही ठाऊक. कोणी उठलं नाही. पाऊण तास हजार माणसं उपाशीपोटी रस्त्याकडे बघत बसली.

शेवटी गाडी आली. घड उतरवून झालेल्या बागेतली पानं होती ती.

जेवणं आटोपल्यावर नानांनी उष्टी पानं मैदानाच्या कडेला ओळीने मांडली आणि गावच्या गाई सोडायला लावल्या.

गाईंची ती पंगत उठेपर्यंत नाना जेवले नाहीत.