मास्तरांची भूक

वीस वर्षं मास्तर लोकांना गाडी चालवायला शिकवत होते, म्हणजे शेजारच्या सीटवर बसून पायाखालच्या जादा ब्रेकच्या भरवशावर जीव मुठीत धरून होते. दोन वर्षांपूर्वी मन असं खचलं की अन्नावरची वासनाच उडाली. अंगाची पार काडी झाली. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली, मन सावरलं आणि भूक परतली, ती बिऱ्हाडबाजलं घेऊनच. चौदा किलो वाढले. "मास्तर बसले की गाडी एका अंगाला कलते," शिकाऊ पोरं हसायची.

मास्तर वैतागले. "झालोय की आता बरा," असं स्वतःशीच ठरवून त्यांनी गोळी सोडली. डॉक्टरीणबाईंना विचारलं नाही, बायकोला सांगितलं नाही.

आठवडाभर डोकं गरगरलं, पोटात ढवळलं. मग वजन उतरू लागलं. जो तो विचारी, "मास्तर, गुपित काय?"

"पथ्य!" मास्तर ठोकून द्यायचे.

कौतुक केलं नाही ते फक्त बायकोनं. एका दुपारी भात ताटात तसाच निवला, तेव्हा ती म्हणाली, "खरं सांगा, गोळी घेताय ना?"

"अगं, बारीक होतोय, चांगलंच आहे की."

"मागच्या वेळीही असेच बारीक झाला होतात."

भांडायचं त्राण मास्तरांत नव्हतं. त्याच सकाळी एका शिकाऊ बाईनं सिग्नल तोडला होता आणि ब्रेकवर त्यांचा पाय उशिरा पडला होता. समोरचा टेम्पो हातभरावर थांबला. बाई थरथरत होती. मास्तरांना मात्र काहीच वाटलं नव्हतं, भीतीसुद्धा नाही. हे त्यांनी खाली मान घालून बायकोला सांगितलं. तिनं ताट बाजूला सारलं आणि चपला घातल्या.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "गोळी अशी तडकाफडकी तोडायची नसते, हळूहळू कमी करायची. वजनाचा जाच होता, तर मला सांगायचं. दुसरी देता आली असती."

दुसरी सुरू झाली. महिना-दीड महिना काही फरक कळलाच नाही. मग थोडी भूक आली, थोडं वजन आलं. पूर्वीचा उत्साह काही आला नाही, पण ब्रेकवर पाय वेळेवर पडतो. महिन्यातून एकदा मास्तर दवाखान्याच्या बाकावर नंबर येईपर्यंत पेंगतात. शेजारी बायको बसलेली असते, पेंगत.