मैनाबाईंच्या वर्षाची तीन पुस्तकं

गुलाबराव मापारी थैली न घेता वाचनालयाची पायरी चढले, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलं. नांदुऱ्याच्या बाजारात धान्य मोजता मोजता ज्यांचं आयुष्य गेलं, ते गुलाबराव दर मंगळवारी थैलीतून एक पुस्तक आणायचे अन् दुसरं न्यायचे. त्या दिवशी हात मोकळे होते. "मैना गेली, मास्तर," ते म्हणाले, "पुस्तक घरीच राह्यलं." त्याला आता पाच आठवडे झाले. बायको गेल्याच्या तिसऱ्या दिवशी वाचनालयाचं पुस्तक आठवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही... पण त्या घराची तऱ्हाच तशी.

मैनाबाईंची अन् माझी ओळख माझ्याच गाढवपणातून झाली, हे आधी कबूल करून टाकतो. मराठी राज्य नुकतंच झालं होतं. मी गावात नवखा, शाळा सुटल्यावर वाचनालय सांभाळायचो. पाडव्याला आमची सभा भरायची. वर्षभरात ज्याच्या नावावर सर्वांत जास्त पुस्तकं, त्याला शेला-नारळ मिळायचा, अन् त्यानं उभं राहून आपल्या आवडीची तीन पुस्तकं सांगायची. त्या तिन्हींना नवं कापडी वेष्टन घालून दर्शनी फळीवर ठेवायचं, अशी रीत. मी नोंदवही उघडली अन् मोठ्या तोऱ्यात पुकारलं, गुलाबराव मापारी, त्रेचाळीस पुस्तकं! सभा पोट धरून हसली. गुलाबरावांना सहीपलीकडे अक्षर येत नाही, हे साऱ्या बाजाराला ठाऊक. नव्हतं ते फक्त मला. दारात जो येईल त्याचं नाव लिहायचं, एवढंच मला शिकवलेलं. पानापानांवर हळदीची बोटं दिसायची, तर मला वाटे, मापारी जेवता जेवता वाचतात! गावातल्या कितीतरी बायकांचं वाचन असं नवऱ्यांच्या अन् दिरांच्या नावावर पडून होतं, अन् ते पाडणारा मी.

गुलाबराव उभे राहिले. "मी नाई वाचलं," ते म्हणाले. "घरवालीनं वाचलं. मी तं नुसता वाहून आणतो." आमचे अध्यक्ष वकील होते, नियमाला पक्के. दुसऱ्यासाठी पुस्तकं नेणाऱ्याचं सभासदत्व रद्द, असा नियम त्यांनी वाचून दाखवला. म्हणजे त्या घरात पुस्तक जाणं उद्यापासून बंद. मी खाली मान घालून बसलो. आजही ते आठवलं की स्वतःचा राग येतो. गुलाबराव मात्र एवढंच म्हणाले, की बंद करायचं तं तिच्या तोंडावर सांगा. अन् समोरच्या गल्लीतून ते बायकोला घेऊन आले.

पदर डोक्यावर, हाताला पीठ तसंच. वकीलसाहेबांनी विचारलं, त्रेचाळीस वाचलीत, तर तीन सांगता येतील का? मैनाबाई आधी जमिनीकडे पाहून बोलल्या, मग सरळ समोर. पहिलं, हिमालयात पायी गेलेल्या माणसाचं. तो जिथं दमला तिथं त्याही दमल्या म्हणे. दुसरं, रेल्वेचं जुनं वेळापत्रक. पुन्हा हशा. त्या थांबल्या, हशा संपू दिला.

"मी नांदुऱ्याबाहेर मायेरालेच गेली, संग्रामपूरले. तिथं रेल नाई. याच्यात सारी टेसनं हायत. रोज एका गावी उतरते, पाह्यते, सैपाकाच्या येळेले परत येते."

आता कोणी हसलं नाही. तिसरी एक कादंबरी होती, नायिका शेवटी विहिरीत जीव देते अशी. "सारं खरं हाये, शेवट खोटा," मैनाबाई म्हणाल्या. "लेखकाले घाई झाली होती. ती बाई जगली असती. मी जगून राह्यली न?"

वकीलसाहेब स्वतः उठले, शेला त्यांच्या हातात दिला अन् मला म्हणाले, मास्तर, नियम राहू द्या, नाव दुरुस्त करा. मी लाल शाई घेतली, तर मैनाबाईंनीच अडवलं. त्यांचं नाव खोडू नका, म्हणाल्या, वाहून तर त्यांनीच आणली. मग त्रेचाळीस ओळींखाली मी बारीक अक्षरात लिहिलं, वाचक मैनाबाई. पुढच्या पाडव्याला अकरा बायका सभासद झाल्या, अन् समोरच्या दारानं आल्या. मैनाबाई मात्र पुस्तक गुलाबरावांकडूनच मागवत राहिल्या. त्यांना त्यात मजा वाटायची.

तेरवीला मी त्यांच्या घरी गेलो. त्यांचं शेवटचं पुस्तक उशाच्या कोनाड्यात होतं, खुणेला एसटीचं जुनं तिकीट. दुसरीच एक कादंबरी, चार पानं राहिलेली. गुलाबरावांनी ते माझ्या हाती दिलं अन् म्हणाले, "तिले शेवटाचीच काळजी राहायची. वाचा." पंगत उठलेली, पाहुणे सुपारी कातरत बसलेले, मी मोठ्यानं वाचू लागलो तसे सगळे जवळ सरकले. मलाही शेवट माहीत नव्हता. विहीर आली तेव्हा पान उलटावंसंच वाटेना... पण बाई विहिरीवरून पाणी भरून परत आली, कडी काढून घरात गेली अन् चूल पेटवली. जगली! गुलाबराव रडता रडता हसले.

पुस्तक थैलीत घालून ते माझ्याबरोबर वाचनालयात आले. दर्शनी फळीवर ते जुनं वेळापत्रक अजून आहे, हिरव्या वेष्टनात. गाड्या बदलल्या, ते काढून टाका असं नवे चिटणीस म्हणतात. मी काढत नाही. गुलाबरावांनी थैली रिकामी केली.

"जमा करा, मास्तर. तिच्या नावावर."

मी नोंदवही उघडली अन् लिहिलं, मैनाबाई, शेवटापर्यंत वाचून परत.