गालातली वाघर

सोलापूर स्टेशनावर वडील, आमचे आबा, मला सोडायला आले ते थेट रानातून, खांद्यावर घोंगडं घेऊन. मेंढरं चुलत्याच्या हवाली केली होती. मी जर्मनीला निघाले होते आणि रडू आवरत नव्हतं. आबा म्हणाले, "मेंढरू एका जागी बसलं की रानबी संपतं आन् मेंढरूबी. जा पोरी. मागं बगू नगंस."

इथल्या लॅबमध्ये मी पेशी चालताना बघते. पेशीच्या आत दोरांचा सांगाडा असतो आणि रॅक, ऱ्हो असली इवलीशी प्रोटीन्स त्याला हुकूम सोडतात. रॅक चालू झालं की पुढे नवे दोर ताणले जातात, ऱ्हो चालू झालं की मागची बाजू आवळून सुटी होते. मला त्यात आमची वाघर दिसते. मेंढरांभोवतीच्या त्या जाळीच्या मेखा इथून उपटायच्या, पुढच्या रानात ठोकायच्या, यातच आमची निम्मी जिंदगी गेली. पेशी सरकली की मी चक्क टाळ्या पिटायचे.

गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला. आबांच्या गालात आतून जखम होती, कित्येक महिने. लाळ-खुरकतात मेंढरांच्या तोंडातल्या फोडांना लावतात तशी ते तिला तुरटी आणि हळद लावत बसले. "मेंढराचं बरं हुतंय की, माजं का न्हाय हुणार?" आता डॉक्टरांनी कॅन्सर सांगितलाय. मानेतल्या गाठीपर्यंत पोचलाय का, ते सोमवारी कळेल.

गावात राहिलेल्यांनो, 'पसरला' हा तुम्हाला नुसता शब्द आहे. मला कॅन्सरची पेशी अशीच चालत निघालेली दिसते. दोर कसे ताणतात, बूड कसं सुटतं, सगळं दिसतं. काल मायक्रोस्कोपखाली एक पेशी सरकली आणि मी मराठीत ओरडले, "थांब गं बाई!" शेजारचा जर्मन पोरगा दचकला. मी स्क्रीन बंद करून टाकला.

तिकीट काढलंय. आबा फोनवर चिडले, "कशाला येतीस? कामाचा खाडा करू नगंस." जखमेमुळे शब्द बोबडे येत होते. मी ऐकलं नाही.

बाहेर पडलेले आम्ही सगळे एकमेकांना विचारत असतो, आता घर कुठलं? माझं सध्या एवढंसंच आहे, आबांच्या गालातली ती जागा. तिथल्या मेखा घट्ट राहू देत. तिथून कुणी निघू नये.