गगनबावड्यातलं फुकट वायफाय

चहाचे कप आधी खाली ठेवा बघू सगळ्यांनी. मागच्या खेपेला हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या साडूंनी शर्टावर चहा सांडला आणि वर मलाच बोल लावला. माझी फजिती मी सांगायची, आणि डागही माझ्याच नावावर? चालायचं नाही.

तर तुम्हाला माहीत आहे, माझी नोकरी फिरतीची. बियाणांच्या कंपनीचा माणूस. आज कोडोली, उद्या आणखी कुठलं तरी गाव. फिरतीवरच्या माणसाला पोटाची चिंता नसते, वडापाव कुठेही मिळतो. त्याला चिंता दोनच, बॅटरी आणि डेटा. त्यात माझा फोन इतका जुना, की पूर्ण भरून घराची पायरी उतरेपर्यंत निम्मा संपलेला असतो. नवा घ्यायचं दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी दुसरंच काहीतरी घरात येतं.

पण अडचण आली की अक्कल येते. कुठल्या स्टँडवर कूलरच्या मागची चार्जिंगची पिन चालू आहे, कुठल्या मिसळवाल्याच्या काउंटरखाली बोर्ड आहे, कुठल्या ऑफिसच्या पायरीवर वायफाय पकडतं, हे सगळं मला तोंडपाठ! एकदा कळंब्यात कुठेच सोय होईना, तर सरळ दातांच्या दवाखान्यात जाऊन बसलो. फोन लावला पिनेला. पण माझा नंबर पुकारला हो! आता काय करणार? लाजेखातर एक दाढ दाखवली. फोन भरला, दाढ गेली.

आमची ही म्हणते, "तुम्ही माणसांच्या घरी जात न्हाईसा. पिनांच्या घरी जातासा."

असो. आता अक्काची गोष्ट. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. भावोजी फार लवकर गेले, तेव्हापासून ती आणि तिचा बसू आमच्याकडेच. बसू हुशार निघाला, इंजिनिअर झाला, जर्मनीत कारखान्यात लागला. आनंद झाला, पण लग्न जमेना. स्थळं यायची, पत्रिका जुळायची, आणि मग मुलीकडचे म्हणायचे, "लांब हाय हो फार." तीनदा जमता जमता फिसकटलं. तिसऱ्या वेळी अक्का दोन दिवस देवघरातून बाहेर आली नाही. मला बघवत नव्हतं.

मग गगनबावड्याचं स्थळ आलं. वडिलांचं किराणा दुकान, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. मुलगी अश्विनी, एम.एस्सी., एकुलती एक. बसूला रजा नव्हती, तेव्हा ठरलं असं, की अक्कानं आणि मी जायचं आणि बसूनं व्हिडिओ कॉलवर बसायचं.

निघताना अक्कानं मला बजावलं, "शिवा, तिथं जाऊन पिन मागायची न्हाय."

"अगं, मी काय लहान हाय काय?"

"लहान असतास तर बरं झालं असतं. फटका दिला असता."

शपथ घेतली. अगदी मनापासून घेतली. पण घाट जवळ येईल तशी रेंज गेली, आणि रेंज शोधून शोधून माझ्या फोननं प्राण सोडायची तयारी केली. गगनबावड्याला उतरलो तर हा पाऊस! आप्पा स्वतः छत्री घेऊन रस्त्यापर्यंत आलेले. घरात नेलं, बसवलं, त्यांच्या मंडळींनी, म्हणजे वहिनींनी, गूळपाणी पुढं केलं.

"घ्या पावणं, दमून आलासा."

आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"पाणी राहू द्या हो. आधी पिन कुठं हाय?"

अक्कानं असा चिमटा काढला की अजून वळ दाखवू शकतो.

पण आप्पा देवमाणूस. म्हणाले, "टीव्हीच्या मागं हाय की. लावा. आणि मोबाइलला इथं रेंज मिळायची न्हाय, आमचं सगळं वायफायवर चालतंय. तेबी जोडून घ्या." पासवर्डही स्वतःच सांगितला!

चार्जिंग फुकट, वायफाय फुकट, समोर ताटलीत शेंगाची पोळी आणि त्यावर तूप. सांगा, स्वर्गात याहून निराळं काय असतं?

कार्यक्रम सुरू झाला. त्यांनी कॉल टीव्हीवर लावला. एवढ्या मोठ्या पडद्यावर आमचा बसू, कोट घालून, केस चापून. तिकडे सकाळ होती. मुलीचे काका मिशीवर हात फिरवत पुढं सरसावले. माणूस खणखणीत. गाव, शिक्षण, पगार, सगळं विचारून झालं. बसू नीट उत्तरं देत होता. अक्काच्या तोंडावर हळूहळू रंग चढत होता. मला वाटलं, जमलं!

मग अश्विनी म्हणाली, "मी एक विचारू काय?"

आप्पा म्हणाले, "विचार की."

ती सरळ टीव्हीकडे बघत म्हणाली, "मी एकटीच हाय आईआप्पांना. उद्या ती थकली की त्यांचं कोण बघणार? तुमची आई तरी तुमच्या मामांकडं हाय. माझ्या आईला भाऊ न्हाय."

प्रश्न साधा नव्हता. तो प्रश्न माझ्या पोरीनं कुणाला विचारला असता तर मलाही उत्तर ऐकावंसं वाटलं असतं.

बसूनं तोंड उघडलं, आणि टीव्हीवरचं चित्र थांबलं.

कसं थांबलं म्हणता? डोळे अर्धे मिटलेले, तोंड एका बाजूला गेलेलं, मान कलंडलेली. आवाज बंद. आम्ही सगळे वाट बघतोय आणि बसू तसाच लोंबकळतोय.

काका वाकून पडद्याजवळ गेले. या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं.

"पावणं, स्पष्ट विचारतो. पोरगं घेतंय काय?"

आता आमच्या दोन्हीकडच्या घरांत दारूचं नाव काढलं तरी देवघराचं दार लावून घेतात. अक्का पांढरीफटक पडली. आणि मी, सख्खा मामा, तिच्या मदतीला धावलो.

"काय बोलतासा! तिकडं आत्ता सकाळ हाय. सकाळी कोण घेतंय?"

"म्हंजे संध्याकाळी घेतोय?"

"तसं न्हवं हो! संध्याकाळी कारखान्यातनं दमून येतोय, त्याला शुद्ध कुठली असती?"

अक्कानं डोळे मिटून घेतले. मी जितका सावरायला जाई तितका पोराला गाळात घालत होतो. वहिनी पदराला हात पुसत उभ्या, काका मान डोलावतायत, आणि पडद्यावर बसूचं ते ध्यान माझ्या एकेका वाक्याला पुरावा देतंय!

तेवढ्यात चित्र हललं. आवाज आला. बसू सरळ बसलेला, डोळे ओले.

"...एवढंच मला सांगायचं होतं. मामा, तुम्ही ऐकलंसा न्हवं?"

म्हणजे हा इतका वेळ बोलतच होता! त्याच्याकडे आम्ही सगळे थिजलेले दिसत होतो. त्याला वाटलं, मंडळी अगदी मन लावून ऐकतायत. अरे बाबा, आपली माणसं एवढी गप्प बसून कधी ऐकतात का? तिथंच संशय यायला नको?

आता सरळ सांगायचं ना, की ऐकू आलं नाही म्हणून? पण पोराचे डोळे ओले बघितले आणि माझी जीभ सुटली.

"ऐकलं की! झकास बोललास!"

काका माझ्याकडे वळले. "काय बोलला?"

"ते आपलं... हेच... संसाराचं."

आप्पा बिचारे खाली मान घालून बसले होते. सोयरीक जुळवायच्या वेळी आपल्या घरचं नेट बंद पडलं, याची त्यांना कोण लाज वाटत होती. "माफ करा पावणं. आमचं वायफाय कधी असं करत न्हाय. आजच काय झालं कळंना."

मला त्यांची दया आली. इतक्या चांगल्या माणसानं शरमिंदं व्हावं? मी उठलो, टीव्हीच्या मागचा माझा फोन काढला आणि त्यांच्यासमोर धरला.

"छे छे, आप्पा! वायफायला नावं ठेवू नका. हे बघा, माझे दोन वर्षांचे फोटो तटून बसलेले, समदे आत्ता नेटवर चढले बघा! चार्जिंग आणि वायफाय एकदम मिळालं की आपोआप चढतात. बसूनंच सोय करून दिलती. आत्ता या घटकेला पूर्ण झालं!"

अश्विनीनं माझ्या फोनकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. मग काकांना कळलं. मग वहिनींना. सगळ्यात शेवटी मला, की वायफाय माझ्या फोटोंनीच तुंबवलं होतं.

अश्विनीच पहिल्यांदा बोलली, टीव्हीकडे बघून. "आम्हाला काहीच ऐकाय आलं न्हाय. परत सांगा की."

बसूचे कान लाल झाले. "परत? समद्यांच्या म्होरं? एकदा कसंबसं बोललो. आता न्हाय जमायचं."

"मग मला एकटीला फोनवर सांगा."

काका काहीतरी म्हणणार होते, पण आप्पांनी हात वर केला. नंबर दिला-घेतला. आम्ही निघालो.

परतीच्या गाडीत अक्का रंकाळा तलाव दिसेपर्यंत नुसती रडत होती. मित्रांनो, तिच्या शेजारी बसून मी स्वतःला इतका खुजा कधी वाटलो नव्हतो. पोराचं लग्न मी माझ्या हातानं बुडवलं, आणि तेही कशापायी?

पण पोरं आपल्याहून शहाणी असतात. त्यांचं ते बोलले. एकदा बोलले, दहादा बोलले, आणि गगनबावड्याहून होकार आला! आप्पांनी निरोप धाडला, काकांची मिशीसुद्धा राजी आहे म्हणून. अक्कानं पेढे वाटले, पहिला मला दिला. मग मी रडलो.

साखरपुड्याच्या दिवशी अश्विनी माझ्या पाया पडायला आली. मी हळूच विचारलं, "पोरी, त्या दिवशी बोलला तरी काय गं बसू?"

ती जरा थांबली. "म्हणाले, बाबा गेले तवा मामांच्या पदरात दोन पोरं होती, घर एवढंसं होतं. तरी ह्यांचं कोण बघणार, असं त्यांनी कुणाला विचारलं न्हाय. आम्हाला घेऊन आले. मी त्या घरात वाढलोय. तुमच्या आईआप्पांचं मी तसंच करणार, मला दुसरी रीतच ठाऊक न्हाय." मग हसली. "आणि म्हणाले, मामा जगाकडं पिन मागत्यात, पण मला कुणाकडं काही मागाय लागू दिलं न्हाय."

माझ्याबद्दल, हो!

घरी येऊन लगेच बसूला फोन लावला. "अरे, परत एकदा म्हण की ते."

"मामा, आता लाज वाटती. तवाच ऐकायचं न्हवं?"

मग म्हटलं, निदान बघूया तरी, त्या वेळी एवढं काय वर चढत होतं. उघडले फोटो. पोरांचे नाहीत, अक्काचे नाहीत. गुलाबाखाली शुभ सकाळ. सूर्याखाली शुभ सकाळ. कपबशीखाली शुभ सकाळ. दोन वर्षांत ज्यानं त्यानं पाठवलेल्या!

आयुष्यात एकदाच कुणीतरी चारचौघांत, मोठ्या पडद्यावर, माझ्याबद्दल चांगलं बोललं. ते माझ्यासकट कुणालाही ऐकू आलं नाही. गुलाब मात्र एकूण एक सुखरूप आहेत. दाखवू?